ब्रेकवाल्या वहाबभाईंची चकरी

वहाब शेख यांनी चिखलीच्या एसटी आगारात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सव्वीस फक्त ब्रेकवर. इंजिन पाहणारे वेगळे, स्प्रिंगचे पाटे पाहणारे वेगळे. वहाबभाईंचं काम चाक उघडून आत काय बिघडलंय ते पाहायचं. ड्रायव्हर ड्यूटीवरून आला की "मेहकरच्या उतारावर गाडी डावीकडे ओढून राह्यली" एवढं सांगून चहाला जाई. वहाबभाई आवारातच गाडीची एक चक्कर मारत, दोनदा ब्रेकवर पाय दाबत आणि खाली उतरायच्या आधी कोणत्या चाकाचं ब्रेक-लायनर गेलंय ते सांगत. बहुतेक वेळा ते बरोबर असे.

निवृत्तीला अडीच वर्षं उरली असताना ते मेव्हण्याच्या शेतात गेले होते. कडबाकुट्टी अडकली. "आधी बटन बंद करा, मंग हात घाला" असं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणाऱ्या माणसानं स्वतः बटन चालू ठेवून पेंढी ओढली. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. चूक त्यांचीच होती आणि त्यांनी ती कधी दुसऱ्याच्या माथी मारली नाही. हात बरा झाल्यावर हलकं काम म्हणून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. उरलेली दोन वर्षं ते खिडकीतून लायनर आणि रिबिटा देत राहिले. लावणारे दुसरे होते.

निवृत्तीनंतर ते देऊळगाव राजाला आले. तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको गौसिया आणि ते, दोघंच. मुलगी महेजबीन पुण्यात एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती. घरी पंखा अडकला तरी वहाबभाई मिस्त्रीला बोलवत. पान्यांची पेटी पलंगाखाली तशीच पडून होती. गौसियाला ते दिसत होतं, पण तिनं विषय काढला नाही.

त्यांना मासेमारीची वाट दाखवली रामरावांनी. रामरावांचं शेत खडकपूर्णा धरणाच्या काठाला लागून होतं आणि संध्याकाळी गळ टाकून बसायची त्यांची जुनी सवय होती. धरणातल्या मासळीचा ठेका मच्छीमार संस्थेचा, पण काठावरून गळ टाकणाऱ्यांना संस्थेचा माणूस थोडी फी घेऊन बसू देई. वहाबभाई आठवड्यातून तीन-चारदा मोटारसायकलवर तिथे जाऊ लागले. पिठाची गोळी लावायची, दोरी पाण्यात सोडायची आणि बसून राहायचं. दोघं फारसं बोलत नसत.

तिथेच त्यांना हरिओम भेटले. हरिओम बँकेत अधिकारी होते, चाळिशीचे, गावात नव्यानं बदलून आलेले. हिमाचलात नोकरीला असताना ते एक वेगळीच मासेमारी शिकले होते. त्यांच्याकडे पीठ नव्हतं, गांडूळ नव्हतं. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला एक खोटा किडा होता, तोही चिमूटभर वजनाचा. त्याला ते 'फ्लाय' म्हणत. एवढी हलकी वस्तू लांब जाणार कशी, असं वहाबभाईंना वाटलं. मग त्यांनी नीट पाहिलं. वजन किड्यात नव्हतंच, दोरीत होतं. जाडसर पिवळी दोरी हरिओम हवेत मागे-पुढे खेळवत आणि शेवटी अलगद सोडत. किडा चाळीस-पन्नास फुटांवर पाण्यावर बसे.

"साहेब, हे म्या करून पाहू का?" तिसऱ्या दिवशी वहाबभाईंनी विचारलं.

"करा ना. पण दोरी तोडू नका, ती रॉडपेक्षा नाजूक आहे."

दोन महिन्यांत त्यांना फेक जमली. उजवा हात शाबूत होता आणि जोर कुठे लावायचा, कुठे सोडायचा हे त्यांच्या अंगात होतं. सकाळी लवकर शाळेच्या मैदानावर गळ न लावता ते नुसती दोरी फेकत. फिरायला येणारे लोक थांबून पाहत. एकानं विचारलंही, "भाई, कोरड्या जमिनीत काय गावते?" वहाबभाई म्हणाले, "सध्या तं काहीच नाही."

अडचण डाव्या हाताची होती. या मासेमारीत मासा लागला की दोरी डाव्या हाताच्या बोटांत धरून ओढायची किंवा सोडायची असते. रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, तिचं काम बरेच जण नुसतं दोरी साठवायचं मानतात. वहाबभाईंच्या डाव्या हातात अंगठा आणि शेवटची दोन बोटं एवढंच होतं. बारकी चिलापी असली तर निभायचं. मोठा मासा पळू लागला की दोरी त्या बोटांतून सरकायची, कधी तळव्याला चरका बसायचा.

वर्षभरानं हरिओम यांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ते घरी आले, चहा घेतला आणि आपल्या दोन रॉडपैकी एक दोरीसकट वहाबभाईंना दिला.

"रील मात्र देऊ शकत नाही. ते वडिलांचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही एखादं स्वस्तातलं घ्या. आपल्याकडच्या माशांना काय करायचंय भारीचं?"

"पर साहेब, मले हातानं दोरी रोखता येत नाही. जे काही रोखायचं ते चकरीनंच."

हरिओम यांनी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "खरं आहे. मग मला नाही सांगता येणार. तुम्हालाच बघावं लागेल."

महेजबीननं पुण्याहून मोबाइलवर शोधून एक रील मागवून दिलं. चौदाशे रुपयांचं. चकचकीत काळं, वर निळी पट्टी. आधी त्याची मूठ दुसऱ्या बाजूला घ्यावी लागली. इतर लोक उजव्या हातात रॉड धरून डाव्या हातानं गुंडाळतात. वहाबभाईंच्या डाव्या हातात मुठीचं बारीक बोंड पकडता येईना, म्हणून ते उजव्यानं फेकत, मग रॉड डाव्या तळव्यात घेत आणि उजव्यानं गुंडाळत. फिरणं उलटं करायचं म्हणजे आतली एक बारीक बेअरिंग काढून पालथी बसवायची. त्यासाठी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली.

गौसिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. "चष्मा देऊ का?" तिनं विचारलं.

"दे. आन् एक ताटली दे, स्क्रू हारपतील."

रील पंधरा दिवस चांगलं चाललं. मग एप्रिलमधल्या एका दुपारी गळाला राहू मासा लागला, चांगला मोठा. दोरी सुटू लागली. वहाबभाईंनी ब्रेकची कळ थोडी आवळली. काहीच फरक पडला नाही. अजून थोडी आवळली आणि चकरी एकदम जाम झाली. रॉड खाली वाकला. लगेच चकरी पुन्हा सुटली, ती इतकी जोरात की दोरी बाहेर जायच्या आधी चकरीवरच सैल झाली आणि तिचा गुंता झाला. दोरीच्या टोकाला किडा बांधायचा बारीक धागा तुटला. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील.

रामराव म्हणाले, "गेला."

"हाव. गेला."

वहाबभाई मासा गेला म्हणून चिडले नाहीत. त्यांना एक गोष्ट खटकली. असा धरून सुटणारा, पुन्हा धरणारा ब्रेक त्यांनी शेकडो वेळा पायाखाली अनुभवला होता. घरी येऊन त्यांनी रील उघडलं. आत प्लास्टिकची पातळ चकती होती. काठावर दुपारी दगडावर ठेवलेलं रील तापलं होतं, चकती मऊ पडली होती आणि तिच्यावर वाळूचे ओरखडे होते.

त्यांनी जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा कापला, कानशीनं सारखा केला, गौसियाच्या केसांना लावायच्या एरंडेल तेलात रात्रभर भिजवला आणि प्लास्टिकच्या जागी बसवला. ब्रेक सुधारला. दोरी एकसारखी सुटू लागली. पण महिन्याभरात दुसरंच निघालं. जोर आला की चकरी बाजूच्या चौकटीला घासायची. कान लावला की खर्रखर्र ऐकू येई. रील एकदा गुडघ्याच्या उंचीवरून दगडावर पडलं आणि चौकट अंडाकृती झाली. त्यांनी ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ करायला घेतली. ठिसूळ ओतीव धातू होता. एक कान तुटून हातात आला.

त्या संध्याकाळी महेजबीनचा फोन आला. "अब्बू, दुसरं पाठवू का? तीन हजारात एक आहे, पाच तारे दिलेत लोकांनी."

"तारे घेऊन काय करू? कोनं किती दिवस वापरलं ते लिवलं का?"

"नाही. बहुतेकांनी डबा उघडल्या उघडल्या लिहिलंय."

"मंग राहू दे. मले हातात घेऊन पाहायचं हाय. ब्रेक खराब निघाला तं म्या बदलीन. चौकट खराब निघाली तं काय करता?"

जूनच्या आधी ते पुण्याला गेले. जालन्यापर्यंत बस, तिथून रेल्वे. महेजबीननं शनिवारी सुट्टी घेतली आणि त्यांना मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात नेलं. दुकान लहान पण भरलेलं होतं. काउंटरवरच्या तरुण विक्रेत्यानं वहाबभाईंचा पांढरा शर्ट, टोपी आणि डावा हात पाहिला.

"मले फ्लायचं रील पाहायचं हाय," वहाबभाई म्हणाले.

विक्रेता किंचित हसला. महेजबीनच्या ते लक्षात आलं. वहाबभाईंच्याही आलं असावं, पण ते काचेतल्या मालाकडे पाहत होते. विक्रेत्यानं तीन रिलं काढली. एक साडेतीन हजारांचं, एक साडेसात हजारांचं, एक अठ्ठावीस हजारांचं.

वहाबभाईंनी आधी एकेकाची चकरी अंगठ्यानं दाबून हलवून पाहिली. मग खिशातून साधा शिवायचा दोरा काढला आणि चकरी व चौकट यांच्या फटीत घालून गोल फिरवला. फट सगळीकडे सारखी आहे का, ते पाहायचं होतं. साडेतीन हजारांच्या रिलात दोरा एका जागी अडकला आणि समोरच्या जागी सैल निघाला. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"आता हे दोन खोलून दाखवा."

"उघडता येणार नाही काका. वॉरंटी जाते."

"खोलल्याबिगर आत काय हाय ते कसं समजीन?"

"कंपनीच्या साइटवर सगळं दिलेलं आहे."

महेजबीन म्हणाली, "अब्बू, जाऊ द्या, दुसरीकडे बघू." वहाबभाई तयार होत होते. तेवढ्यात मागच्या खोलीतून पन्नाशीच्या एक बाई आल्या. दुकान त्यांचं होतं, नाव पुष्पांजली. बराच वेळ त्या आतून ऐकत होत्या.

"काका, तुम्ही काय काम करत होतात?" त्यांनी विचारलं.

"एसटीत. ब्रेकचं."

पुष्पांजलीबाईंनी ड्रॉवरमधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्यापुढे ठेवला. "डेमोचे पीस आहेत. उघडा."

वहाबभाई स्टुलावर बसले. रील डाव्या तळव्यात धरून, शेवटच्या दोन बोटांनी घट्ट आवळून, उजव्या हातानं स्क्रू काढू लागले. विक्रेता आता हसत नव्हता. तो जरा पुढे झुकून पाहत होता.

अठ्ठावीस हजारांचं रील फार देखणं होतं. अखंड धातूच्या गोळ्यातून खराद मशीनवर कातून काढलेलं, वजनाला हलकं. पण ब्रेकच्या जागी एक बंद डबी होती. पाणी, वाळू काही आत जाणार नाही अशी. तिला ना स्क्रू होता, ना झाकण.

"हे बिघडलं तं?"

"कंपनीकडे पाठवायचं. अमेरिकेला," बाई म्हणाल्या. "बिघडत नाही सहसा. पण बिघडलं तर चार महिने."

साडेसात हजारांचंही कातीवच होतं, नुसतं दिसायला साधं आणि जरा जड. आत बुचाची जाड चकती होती, तिच्यावर पितळी प्लेट आणि स्प्रिंग. सगळं दोन स्क्रूंवर. वाळू आत जाऊ शकत होती, पण गेली तर दोन मिनिटांत धुऊन निघत होती. वहाबभाईंनी बुचाची चकती नखानं दाबली, वास घेतला, परत बसवली.

"मासा तोलायचा काटा हाय का?"

काटा मिळाला. त्यांनी दोरीचं टोक त्याच्या हुकाला बांधलं, महेजबीनला रील धरायला लावलं आणि काटा हळूहळू ओढला. चकरी हलायला लागली त्या क्षणी काट्यावर किती वजन दिसलं ते पाहिलं. मग ओढत असताना किती दिसतं ते पाहिलं. असं पाच-सहा वेळा केलं.

"काय बघताय?" विक्रेत्यानं न राहवून विचारलं.

"गाडी थांबवणं सोपं असते," वहाबभाई म्हणाले. "ब्रेक सुटताना झटका बसते का, ते खरं पाहायचं. चकरी सुटाले लय जोर लागला आन् मंग एकदम कमी झाला, तं त्या झटक्यात धागा तुटते. इथं जवळजवळ सारखाच हाय."

महागडं रीलही त्यांनी तसंच ओढलं. ते किंचित सरस होतं. त्यांनी तसं सांगितलंही.

"मग तेच घ्या अब्बू," महेजबीन म्हणाली. "पैशाचं मी बघते."

"चांगलं हाय ते. पर ते म्या दुरुस्त करू शकत नाही. हे करू शकतो." त्यांनी साडेसात हजारांचं रील उचललं. मग बाईंना म्हणाले, "मूठ लहान हाय याची. मोठं बोंड भेटीन?"

पुष्पांजलीबाईंनी एका तुटक्या रिलाचं लाकडी बोंड शोधून काढलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. बुचाच्या दोन जादा चकत्या वहाबभाईंनी स्वतःहून विकत घेतल्या. निघताना बाई म्हणाल्या, "काका, तुमचा नंबर लिहून ठेवा." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, मासेमारी अशी झालीच नाही. ऑक्टोबरात पाणी निवळलं. वहाबभाई आणि रामराव पुन्हा काठावर बसू लागले. पहिल्या आठवड्यात चिलाप्याच लागल्या. मग एका संध्याकाळी, ऊन उतरत असताना, पाण्याखाली सोडलेला किडा कुणीतरी सावकाश ओढला. वहाबभाईंनी रॉड उचलला आणि दोरी सुटली. चकरीतून एकसारखा बारीक आवाज येत राहिला. मासा तीस-चाळीस फूट गेला, थांबला, पुन्हा निघाला. वहाबभाईंनी ब्रेक आवळला नाही. रॉड डाव्या तळव्यात घेतला, कोपर बरगडीला टेकवलं आणि मासा थांबला की उजव्या हातानं गुंडाळत राहिले. तो निघाला की बोंडावरचा हात काढून घेत.

"आवळा ना जरा," रामराव म्हणाले.

"नको. त्याले जाऊ दे."

पंधरा-वीस मिनिटांनी मासा उथळ पाण्यात आला. रामराव गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले आणि त्यांनी जाळी खाली घातली. राहू होता, चार किलोला थोडा कमी. वहाबभाई खाली बसले. त्यांनी रील कानाशी नेऊन एकदा फिरवलं, मग पाण्यात बुडवून धुतलं.

"रडता काऊन?" रामरावांनी विचारलं.

"घाम हाय," वहाबभाई म्हणाले.

अर्धा मासा रामरावांच्या घरी गेला. उरलेल्याचं गौसियानं कालवण केलं. जेवताना वहाबभाई बराच वेळ त्या ब्रेकबद्दल बोलत होते, प्लेट कशी बसते, स्प्रिंग किती आवळायची. गौसियाला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तिनं त्यांना मध्ये तोडलं नाही. स्टोअरमध्ये बसवल्यापासून ते जेवताना कामाबद्दल बोलले नव्हते.

डिसेंबरात पुण्याहून पुष्पांजलीबाईंचा फोन आला. एका गिऱ्हाइकाचं जुनं रील अडकत होतं, सुटे भाग मिळत नव्हते. पाठवू का? वहाबभाई म्हणाले, पाठवा, पाहतो. त्यांनी ते उघडलं, झिजलेली पितळी पट्टी जालन्याच्या एका खरादवाल्याकडून करून आणली आणि रील परत पाठवलं. मग दुसरं आलं. मग नाशिकचं एक, नागपूरचं एक. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल लागलं. स्क्रू ठेवायला गौसियानं मसाल्याचा जुना डबा दिला, त्याच्या सात वाट्यांत सात मापांचे स्क्रू.

लोक आता फोन करून त्यांना विचारतात, कोणतं रील घेऊ? वहाबभाई कंपनीचं नाव सांगत नाहीत. आधी विचारतात, मासा कोणता, पाणी कसं, दोरी हातानं रोखता का चकरीनं? हात धड असतील आणि मासे लहान असतील तर ते सरळ सांगतात की स्वस्तातलं घ्या, फक्त चौकट हलते का ते पाहा. समुद्रावर जाणाऱ्याला मात्र ते बंद डबीचंच घ्यायला सांगतात, कारण खाऱ्या पाण्यापुढे बुचाचं काही चालत नाही. आपल्याकडे आहे तेच सगळ्यात चांगलं, असं ते कुणाला सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात नागपूरच्या एका डॉक्टरांनी रील पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: खराब झालंय, आवाज करतं, जमलं तर दुरुस्त करा, नाहीतर नवीन घेतो. वहाबभाईंनी ते उघडलं. चौकट सरळ, चकरी मध्यावर, ब्रेक शाबूत. नुसता कोरडा चिखल अडकला होता. त्यांनी ते कोमट पाण्यात धुतलं, जुन्या सुती कापडानं पुसलं, एरंडेलाचा एक थेंब दिला आणि बंद केलं. मग महेजबीननं शिकवल्याप्रमाणे मोबाइल तोंडाजवळ धरून डॉक्टरांना निरोप पाठवला.

"डॉक्टरसाहेब, नवीन घेऊ नका. तुमचं रील चांगलं हाय. मासे धरून आल्यावर धूत जा, बस."

पुडक्यावर पत्ता गौसियानं लिहिला. तिचं अक्षर चांगलं आहे. दुरुस्तीचे पैसे वहाबभाईंनी घेतले नाहीत, कारण दुरुस्त काही केलंच नव्हतं.